एलोईसाने पुसलेला उजेड

आमच्या न्यू मेक्सिकोच्या माळावर एलोईसा बाकाने उभा जन्म शाळेची बस चालवली. निवृत्त झाली, पण झोपेला कोण सांगणार? पहाटे टक्क जागी. मग तिने एक वापरलेला कॅमेरा घेतला आणि उजाडण्यापूर्वीच्या आकाशातले ग्रह टिपायला लागली. माझं न्याहारीचं हॉटेल गावात सगळ्यांत आधी उघडतं, त्यामुळे तिची पहिली कॉफीही माझ्याकडे आणि ताजा फोटोही माझ्याकडे. शुक्र, गुरू, कधी शेजारी चंद्राची कोर. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण बघत राहावंसं वाटायचं.

एकच गोष्ट तिला छळायची. शरदात हिरव्या मिरच्या भाजायचे दिवस आले, की पूर्वेला एक फिकट उजेड चढायचा. पूर्वेला टेकाडापलीकडे तिच्या धाकट्या भावाचा, फर्मिनचा गोठा. धारा पहाटेच्या. म्हणजे दिवे त्याचेच! एके दिवशी ती जाऊन त्याला असं काही बोलून आली, की बहीणभावाचं बोलणंच तुटलं. त्याचे फोनही घेईना.

पुढची तीन वर्षं ती कंप्यूटरवर बसून प्रत्येक फोटोतून तो उजेड पुसून काढत होती. फोटोवाल्यांची ही रीतच आहे म्हणे, शहराच्या दिव्यांचा उजेड असाच घालवतात. "बघ, धुऊन काढला फर्मिनला," असं म्हणत मला दाखवायची. मी हसायचे, पण आतून वाईट वाटायचं. दोघांना एकमेकांशिवाय कोण होतं? चर्चमध्ये मात्र दोन टोकांना बसत.

गेल्या ऑक्टोबरात एका रात्री वादळाने विजेच्या तारा तुटल्या. पहाटे आभाळ निवळलं, पण सगळा माळ काळोखात. मी हॉटेल उघडणार कशी? तेवढ्यात एलोईसा दारात हजर.

"चल गं. आज फर्मिनचंही बटण बंद. आज आकाश खरं दिसेल."

तिच्या घरामागे गेलो. बघतो तर उजेड जागच्या जागी! बुडाला रुंद, वर निमुळता, उजवीकडे कललेला, आणि शुक्र नेमका त्याच्या पोटात.

"जनरेटर लावलाय मेल्याने!" ती गाडीत बसलीसुद्धा. दोघांचं पुन्हा पेटू नये म्हणून मीही चढले.

टेकाड ओलांडलं. गोठा काळाकुट्ट. उजेड मात्र अजून पुढेच, होता तेवढ्याच लांब. तिने गोठ्यावरून गाडी तशीच पुढे दामटली. गोठा मागे पडला तरी उजेड समोरच.

"दिवा असता तर मागे राहिला असता ना गं?" ती हळूच म्हणाली. "असा एक उजेड असतो, वाचलंय मी. पण मला वाटायचं, तो बघायला कुठल्या तरी मोठ्या डोंगरावर जावं लागतं. आपल्या परसात कुठला दिसायला?"

तिने गाडी वळवली. फर्मिन हातबत्तीच्या उजेडात हाताने धारा काढत होता. आत जाता जाता एलोईसाने आपली लाल उजेडाची बॅटरी अंगणातल्या खांबावर मारली. दिव्याच्या जागी बल्ब नव्हता. त्या खळग्यात पाखराचं घरटं होतं, जुनं, वाळून खडखडीत झालेलं. दुसऱ्या खांबावरही तेच.

"दिवे कधी काढलेस?" तिने दारातूनच विचारलं.

"तू तोंड सोडून गेलीस ना, त्याच आठवड्यात," फर्मिन गायीकडे बघतच म्हणाला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"फोन कुणी उचलत नव्हतं."

एवढी बोलभांड बाई, पण उभ्या उभ्या रडायला लागली. मलाही आवरेना.

"मी चुकले, फर्मिन. तो उजेड तुझा नव्हता."

"लाथ खाशील तिथे, अलीकडे ये. ती बादली धर." तिने बादली धरली. जरा वेळाने त्याने दाराबाहेर मान काढून आकाशाकडे पाहिलं. "मग आहे तरी कुणाचा तो?"

"कुणाचाच नाही. ग्रह फिरतात ना, त्यांच्या वाटेवर धूळ असते. सूर्य वर यायच्या आधी ती चमकते."

फर्मिन धार काढायचा थांबला.

"धूळ?" तो म्हणाला. "तीन वर्षं तू माझ्याशी धुळीवरून भांडलीस?"