लंगडी आणि पिवळं झुडूप

काका थकले होते. गुडघे तर केव्हाच संपावर गेले होते, पण त्या टेकडीवर यायला दुसरा रखवालदार तयार होईना, म्हणून रोज चढायचं काकांनीच. वर दोन गोष्टी जपायच्या होत्या. एक म्हणजे रानशेळ्यांचा कळप, बोटांवर मोजण्याइतकाच उरलेला. दुसरं पिवळ्या फुलांचं एक झुडूप; तसलं दुसरं कुठे सापडत नव्हतं. शेळ्यांचे साहेब वेगळे, झुडपाचे वेगळे. बोलणी खायला मात्र काका एकटेच.

शेळ्यांचे साहेब म्हणाले, मीठ घालत जा. काका खिसा भरून मीठ नेऊ लागले. कळपातली एक लंगडी शेळी तर ते थेट तळहातावरूनच चाटायची. झुडपाचे साहेब म्हणाले, यंदा शेंगा धरल्यात, त्या वाळून बी हाती आलं तरच पुढे रोपं. तेव्हा काकांनी आपला घामट सदरा झुडपाभोवतीच्या कुंपणावर टांगला. माणसाचा वास आला की जनावर फिरकत नाही, सगळे रखवालदार हेच करतात.

सकाळी येऊन बघतात तर कुंपण आडवं. सदरा चाटून चाटून चिंब, आणि आत लंगडी निवांत शेंगा खात उभी. काका मटकन खालीच बसले. त्यांच्या घामाला घाबरायचं सोडून ती मिठाच्या आशेनं आली होती, आणि ती सवय त्यांनीच लावली होती.

त्यांनी बायकोला फोन लावून सगळं सांगितलं.

"अहो, मग बसलात काय? हाकला तिला."

"माझ्या हातचं खाते गं ती."

"तिला पळायला पाय तरी आहेत. झुडपाला आहेत का?"

बायकोचं हे असंच, आडवळण नाही. काकांनी दगड उचलला. नेम चुकला तर बरं, असं मनात असतानाच तो लंगडीच्या पाठीवर बसला. ती धडपडत बाहेर पळाली. काकांना फार वाईट वाटलं. खालच्या फांदीला चार-दोन शेंगा अजून लोंबत होत्या. ते कुंपण उभं करायला लागले.

मागे पाचोळा वाजला. लंगडी परत आली होती. तिने मान पुढे केली आणि ज्या हाताने दगड मारला होता, तोच हात चाटायला लागली.

"जा गं बाई," काका म्हणाले, आणि दुसरा दगड उचलायला वाकले.