आतोबांचे फिकट तालुके

समोरच्या माणसाच्या गावातल्या किती बाया वाचू शकतात, हे विचारल्याशिवाय आमच्या आतोबांनी आयुष्यात कुणाला पाण्याचा पेला दिला असेल, असं मला वाटत नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कॉलेजसाठी मी नाशिकला त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हा ते जिल्ह्याच्या साक्षरता मोहिमेत नोकरीला होते. खरं म्हणजे नोकरी नावालाच, आतोबांनी स्वतःला त्या मोहिमेत झोकून दिलं होतं. इतरांच्या बैठकीत देवादिकांच्या तसबिरी असतात, यांच्या बैठकीत जिल्ह्याचा नकाशा होता आणि तो त्यांनी स्वतः हिरव्या रंगाने रंगवला होता. जिथं वाचणारी माणसं जास्त, तिथं रंग गडद. निफाड अगदी भरलेल्या द्राक्षवेलीसारखा हिरवागार, सिन्नर-चांदवड मध्यम, आणि पश्चिमेला डोंगरात पेठ आणि सुरगाणा असे फिकट की तिथं ब्रश धुऊन नुसतं पाणी फिरवलंय असं वाटावं. आत्याची आमटी पातळ झाली की आतोबा वाटीत बघून म्हणायचे, "आज सुरगाणा केलंय वाटतं." बिचारी आत्या नवऱ्याबरोबर भूगोलही सांभाळायची.

लोक क्रिकेटचा स्कोअर विचारतात तसे हे देशातल्या राज्यांचे आकडे विचारत. केरळ पुढे आहे हे दुःख त्यांच्या मनात कायम ठसठसत असे. द्वारका सर्कलजवळ एका केरळी माणसाचं पंक्चरचं दुकान होतं. स्कूटरचं चाक चांगलं असतानाही आतोबा तिथं थांबायचे, त्याचं अभिनंदन करायचे आणि मग चिडून विचारायचे, "पण तुमच्याकडं जमलं कसं हो हे?" तो बापडा टायर पाण्यात बुडवत म्हणायचा, "साब, हवा चेक करूं क्या?" माझं लग्न ठरतानाही त्यांनी हाच घोळ घातला. चांदवडची मंडळी मला बघायला आली होती. पोहे खाऊन झाले न झाले तोच आतोबांनी मुलाच्या आईला विचारलं, "वहिनी, तुम्ही सही करता की अंगठा?" बाबांनी डोळे मिटले. त्या बाईंनी शांतपणे आतोबांच्या खिशातला पेन काढून घेतला आणि समोरच्या वर्तमानपत्राच्या कडेला नवऱ्याच्या नावासकट आपलं पूर्ण नाव लिहिलं, शेवटी खाली एक झोकदार रेघही ओढली. आतोबा बाबांकडे वळून म्हणाले, "मुलगी द्या." मुलगा काय करतो हे विचारायचं त्या गडबडीत राहूनच गेलं. आता त्याच घरात मी सुखाने नांदते आहे, म्हणून तक्रार करत नाही.

पण आतोबांची खरी गोष्ट सुरू झाली ती सीबीएसच्या बस स्टँडवर, माझ्या लग्नाच्या दोन-तीन वर्षं आधी. स्टँडवर कुणी "ही गाडी कुठं जाते?" असं विचारलं की ते सरळ उत्तर देत नसत, पाटी वाचायला लावत. त्या दिवशी मीही बरोबर होते. डोक्यावर नवं कोरं पातेलं घेतलेली एक बाई धावत आली. "ही गाडी पेठला जाती का रं बाबा?"

"पाटीवर लिहिलंय. वाचा बघू. दोनच अक्षरं आहेत."

"मला नाय येत वाचाया."

"येतं. हा पतंगाचा 'प', त्यावर मात्रा..."

ती घाबरून बघत राहिली. आतोबा हवेत बोट फिरवून 'प' काढत राहिले. तिने शेवटी हळूच म्हटलं, "पे... पेठ?" आतोबांनी आनंदाने टाळी वाजवली आणि त्याच क्षणी गाडी हलली. ती दिवसातली शेवटची नव्हती, पण तिच्या पाड्याच्या फाट्यावर थांबणारी तेवढीच होती. बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "वाचली ना? मंग आता नेऊन सोड."

आतोबांनी खरंच स्कूटर काढली. मागे ती बाई, धरून बसायला हात मोकळे हवेत म्हणून पातेलं डोक्यावर उपडं घातलेलं, अशी ती स्वारी सावळघाटाच्या दिशेने गेली, आणि मी एकटी बसने घरी आले. तिचं नाव सोनाबाई. परत आल्यावर आतोबा नकाशापुढे जाऊन उभे राहिले. आत्याने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "अख्ख्या पाड्यात कुणाला पत्र वाचता येत नाही. मी तो तालुका रंगवला होता, पाहिला नव्हता."

पुढच्या रविवारपासून त्यांचा वर्ग पाड्यावर सुरू झाला. मी दोन-चारदा गेले. आतोबा 'क' कमळाचा शिकवत, बाया विचारत, "कमळ कसं आसतं?" मग आतोबांनी 'क' करवंदाचा केला आणि बाया हसत हसत पाटीवर वाकल्या. सोनाबाई सगळ्यात हट्टी. अक्षर चुकलं की ती स्वतःवर नाही, अक्षरावर चिडायची. "ह्या 'श'ला धड उभं ऱ्हाता येत नाय, त्याला मी काय करू?"

दिवाळीनंतरच्या रविवारी आतोबा गेले तर पाडा रिकामा. दारांना कड्या, आवारात एक म्हातारा आणि दोन कोंबड्या. "समदी बागंला गेली," म्हातारा म्हणाला. द्राक्षाच्या कामाला डोंगरातली माणसं खाली उतरतात हे आतोबांना ठाऊक होतं, पण आपला वर्गच्या वर्ग उतरेल हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते निफाड तालुक्यात पिंपळगाव बसवंतच्या बाजूला बागांमधून हिंडत राहिले आणि अखेर एका मांडवाखाली त्यांना सोनाबाईचा आवाज सापडला. तिथंच दुपारच्या भाकरीच्या सुटीत वर्ग भरू लागला. बागमालक कुरकुरला, पण आतोबांनी त्यालाही त्याच्या बाया वाचतात का हे विचारल्यावर तो पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही.

मोहिमेची परीक्षा जवळ आली तेव्हा आतोबांनी ती बागेतच घ्यायची परवानगी मागितली. साहेब दचकले. "ही माणसं पेठची. निफाडमध्ये बसवली आणि नापास झाली तर निफाड खाली येईल ना!"

"आणि निफाडची द्राक्षं काढताना ती कुठल्या तालुक्याची असतात?" आतोबा म्हणाले. त्यांना खोलीबाहेर काढलं गेलं, परीक्षा पेठलाच ठरली. ऐन हंगामातला दिवस. मालक टेम्पो द्यायला तयार नव्हता. सोनाबाई त्याला म्हणाली, "नको देऊ. आमी चालत जातो. मंग येऊ तवा येऊ." द्राक्ष वेलीवर थांबत नाही हे मालकाला तिच्याइतकंच कळत होतं. टेम्पो मिळाला. मागे क्रेटवर बसून बाया मोठमोठ्याने बाराखडी म्हणत घाट चढल्या.

परीक्षेत एक प्रश्न होता, 'तुमचा पत्ता लिहा.' सगळ्यांनी पाड्याचं नाव लिहिलं. सोनाबाई खूप वेळ बसून राहिली. मग तिने वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'पाऊस आसतो तवा पाडा. मंग पिंपळगावची बाग.' तपासणारा तरुण मास्तर म्हणाला, "पत्ता एकच असतो. पाड्याचा अर्धा गुण देतो."

"मग उरलेला अर्धा मी निफाडकडे मागायला जाऊ का?" आतोबा इतक्या जोरात ओरडले की बाहेर टेम्पोवाला उठून बसला. मास्तरने बिचाऱ्याने पूर्ण गुण दिला. सोनाबाई पास झाली. बाहेर येऊन तिने आतोबांच्या खांद्यावर थाप मारली. "झालं का रं बाबा? चल आता, घड उतरवायचं हायत." आतोबा तेव्हा रडले होते, हे टेम्पोवाल्याने आत्याला सांगितलं.

नंतर मोहीम थंडावली, आतोबांना दुसऱ्या टेबलावर बसवलं आणि तिथूनच ते निवृत्त झाले. सोनाबाई काही वर्षं बागेत भेटत राहिली, मग गुडघे गेले म्हणून डोंगरावरच राहिली असं कळलं.

दोन हजारनंतरची गोष्ट. आतोबांना चार दिवस आमच्याकडे चांदवडला ठेवून घेतलं होतं. परत नाशिकला सोडताना पिंपळगावजवळ त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. आम्ही दोघं उतरलो. बागेत काढणी चालू होती. एक तरुण मुलगी क्रेटमध्ये अंथरलेल्या वर्तमानपत्रातली बातमी शेजारणीला वाचून दाखवत होती, अगदी सरळ, कुठंही न अडखळता. आतोबांचा चेहरा उजळला.

"कुठली गं तू?"

"सुरगाण्याची."

"शाळेत गेली होतीस?"

"दहावी पास हाय मी."

"वा!" आतोबा म्हणाले. "वा, वा!"

ती कात्री चालवत हसली. "तरी बी हितंच आले ना काका."

तिने एक घड आतोबांच्या हातात ठेवला. तो दोन्ही हातांत धरून ते गाडीत येऊन बसले आणि नाशिक येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. दार उघडणाऱ्या आत्याला मात्र त्यांनी उंबऱ्यातूनच सांगितलं, "अगं, सुरगाण्याची मुलगी भेटली. दहावी पास!"

तिचं पुढचं वाक्य त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही.