उजाडायच्या आतलं औषध

लग्न होऊन मी न्हावऱ्याला आले तेव्हा सासरी ट्रॅक्टर होता, रंगीत टीव्ही होता, गोठ्यात चार संकरित गाई होत्या. संडास नव्हता. ‘घराजवळ घाण नको’ असं सासरे म्हणायचे. ते वारले, त्यांचं बाकीचं सगळं लोक विसरले, पण हे एक वाक्य मात्र देवासारखं पाळलं जात होतं. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीतली. क्वार्टर दोन खोल्यांचं, पण मागच्या अंगणात संडास होता आणि त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. न्हावऱ्यात बायका उजाडायच्या आत रानात जायच्या, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधला अख्खा दिवस दाबून धरायचा. पहिल्याच महिन्यात माझं पोट दगड झालं.

सासूला मी आत्या म्हणायचे. तिचा पोटाचा त्रास माझ्या वयापेक्षा जुना होता, आणि अशा त्रासावर गावात ज्याला त्याला उपाय तोंडपाठ. शेजारची म्हातारी चहातून एरंडेल घ्यायला सांगायची. यवतच्या वैद्यांनी तेलाची बस्ती सुचवली होती. शिरूरला एक निवृत्त मास्तर शंखप्रक्षालन शिकवायचे. सकाळी कोमट मिठाचं पाणी तांब्यावर तांब्या प्यायचं, आसनं करायची, मग आतडं धुऊन निघतं म्हणे. दवाखान्यातला कंपाउंडर एनिमा द्यायला एका पायावर तयार. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, इसबगोलचा डबा आणून फडताळात ठेवला होता. आत्या सगळ्यांचं ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि सोनामुखीच उकळून प्यायची. त्या पाल्यानं तिला असा मुरडा यायचा की घामानं चोळी भिजायची. मला वाटायचं, काय हा अडाणी हट्ट!

एकदा न राहवून मी म्हटलं, “आत्या, इसबगोलनं मुरडा येत नाही. ते का नाही घेत?”

“त्ये कवा लागू पडंल, सांगशील का?” ती म्हणाली. “दुपारी बाराला लागू पडलं तर कुठं जाऊ? एरंडेल घेतलं की दोन-तीन घंट्यात पळाया लावतंय. मास्तरांचं मिठाचं पानी तर उजेडातलंच. एनिमा दिल्यावर दवाखान्याच्या मागं नुसता पत्र्याचा आडोसा. सोनामुखी दिवं लावताना घ्यायची, कोंबडं आरवायच्या आत मोकळं. तिला येळ कळती.”

म्हणजे गुण बघून नव्हे, वेळ बघून ती औषध निवडत होती. त्या दिवशी दिवे लावताना मीही सोनामुखी घेतली. मुरडा तिनं सांगितला नव्हता तेवढा आला.

अशी बरीच वर्षं गेली. दोन हजार सालाच्या आसपास आत्या वाळायला लागली. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या, ओठ पांढरेफटक, दोन हंडे आणले की उंबऱ्यावर टेकायची. सगळ्यांनी सोनामुखीला शिव्या घातल्या. मीही घातल्या. शिरूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्यांचा चेहराच बदलला. “आतून कुठंतरी रक्त जातंय,” ते म्हणाले, “पुण्याला दुर्बिणीनं आतडं बघून घ्या. उशीर नको.”

पुण्याच्या दवाखान्यात तारीख मिळाली आणि पावडरीची पाकिटं मिळाली. आदल्या दिवशी ती पाण्यात कालवून सगळं पाणी संपवायचं. दहा वेळा जावं लागेल, पंधरा वेळा लागेल, शेवटी नुसतं स्वच्छ पाणी पडलं पाहिजे. दवाखान्यात खाट मोकळी नव्हती, घरीच घ्या म्हणाले. घरी म्हणजे कुठं? आमचा ऊस नुकताच तुटून गेला होता. घरामागं नुसतं उघडं रान, आणि तेही भर दिवसा.

मी म्हटलं, “दौंडला जाऊ. माझ्या माहेरी.”

आत्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिला भीक मागायला सांगितलं होतं. ती मुलाची आई. व्याह्यांच्या दारात तिनं जायचं ते पाटावर बसायला, ओटी भरून घ्यायला. माझ्या लग्नात मानाची साडी तिनं मांडवातच उलगडून काठ तपासले होते. “इनबाईच्या घरी काय हगाया जाऊ व्हय?” ती म्हणाली. ह्यांनी दोन दिवस विनवण्या केल्या तेव्हा कुठं ती आम्हा दोघांबरोबर एसटीत बसली.

दौंडला माझे वडील बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. सुट्टी काढून थांबले होते बिचारे, पाहुण्यांना काही कमी पडू नये म्हणून. आत्या जग घेऊन मोरीपाशी बसली. दोनदा मागं जाऊन आली, तीही डोक्यावरचा पदर ओढून, चोरासारखी. संध्याकाळी जग रिकामा होता. “झालं,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुण्याला डॉक्टर बाहेर आले ते चिडूनच. “आत काही दिसतच नाही. औषध घेतलेलंच नाही यांनी.” पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

परतीच्या पॅसेंजरमध्ये आत्या कबूल झाली. औषध तिनं मोरीत ओतलं होतं. “व्याही भाईर बसल्यालं. त्यांच्या देखत सारखी सारखी कशी उठू मी?”

“लाजेपायी मरायचंय का तुम्हाला?” मी ओरडले. डब्यातली माणसं वळून बघायला लागली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. माझा राग तिच्यावर निघाला, पण खरं तर तो ट्रॅक्टर घेणाऱ्यांवर होता. त्यातला एक समोरच्या बाकावर बसला होता आणि तोही खिडकीबाहेर बघत होता.

पुढच्या वेळी माझ्या आईनं सूत्रं हातात घेतली. वडिलांना सकाळीच बाहेर पिटाळलं. “जावयालाबी संगं न्या, अंधार पडंस्तोवर तोंड दाखवू नका,” म्हणाली. मग दोन पाट मांडले. आत्याच्या पाटापुढं औषधाचा जग ठेवला आणि स्वतःच्या पुढं एरंडेलाची वाटी.

“ह्ये काय, इनबाई?” आत्या म्हणाली.

“पावन्याला एकट्याला पाटावर बसवायची आमच्यात रीत न्हाई,” आई म्हणाली आणि नाक दाबून वाटी तोंडाला लावली.

विहिणीनं सुरुवात केल्यावर आपण मागं राहणं बरं दिसेना, म्हणून आत्यानं पेला उचलला. दुपारपर्यंत दोघींची अशी तारांबळ उडाली की विचारू नका. एक बाहेर येतेय तोवर दुसरी दारात उभी. “आवरा की इनबाई!” आत्या ओरडली आणि मग तिला हसू फुटलं. कित्येक महिन्यांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं. आई आतून हसली. मी चुलीपाशी पेज ढवळत हसले आणि हसता हसता रडू आलं, ते थांबेना. आई पुढं दोन दिवस अंथरुणातून उठली नाही.

या वेळी डॉक्टरांना सगळं स्वच्छ दिसलं. गाठ होती, आणि बरीच मोठी. ते कागद पुढं ओढून विचारायला लागले. “आजी, ही गाठ आजची नाही. रक्त कधीपासून पडतंय? तुमच्या लक्षात कसं नाही आलं?”

आत्याला प्रश्नच कळला नाही. “दिसनार कसं, डॉक्टर?” ती म्हणाली. “आमी अंधारात जातो.”

हे उठून बाहेर गेले.

ऑपरेशन झालं. पोटावर शौचाची कायमची पिशवी आली. आता ना वेळ तिच्या हातात राहिली, ना लाज. जेमतेम दोन वर्षं ती होती. दवाखान्यातून ती घरी आल्या आल्या ह्यांनी गोठ्याशेजारी खड्डा घेतला, भिंती उठल्या, भांडं बसलं. आत्या खुर्ची टाकून गवंड्याचं काम बघत बसायची. दार बसवलं त्या दिवशी तिनं ह्यांना हाक मारली.

“मला ह्याचा आता उपेग न्हाई,” ती म्हणाली. “पर आत दिवा मोठा लाव. हिला दिसलं पायजे.”