वेताची काडी आणि ऐकणारं यंत्र

वेताच्या काडीला स्वतःची एक चव असते. किंचित तुरट, किंचित सकाळच्या चहाची, आणि टोकाला बसवलेल्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा उग्र वास त्यात मिसळलेला. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्राने माझे दोन्ही हात कोपरापासून नेले, त्यानंतर ती काडी दातांत धरून मी टंकलेखन शिकले. शिफ्टची कळ दाबून धरायला एक दोरी, तिचा फास पायाच्या अंगठ्यात. जळगावच्या कोर्टातले कितीतरी दावे आणि प्रतिज्ञापत्रे अशी माझ्या काडीखालून गेली. लोक हळहळत, "बिचारी!" म्हणत. बिचारी असेल तुमची मावशी!

नव्वदीचे दशक सरत आले होते. हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात भरताची वांगी भाजल्याचा खमंग धूर गल्लीभर तरंगत असताना, मी ज्यांच्याकडे काम करी त्या वकील नानांनी टाइपरायटर मोडीत काढून संगणक आणला. त्या सपाट, टेबलावर घसरणाऱ्या कळफलकाला दोरी बांधायची तरी कुठे? काम गेले, तर मी पुन्हा घरच्यांच्या दयेवर. नाना मात्र भलतेच खुशीत होते. म्हणाले, "ताई, आता काडी फेका. तुम्ही नुसतं बोलायचं, हे लिहून घेतं."

संगणकाच्या दुकानातून आलेल्या माणसाने माइक माझ्या ओठांशी आणला. मी घरच्या अहिराणीत म्हटले, "मी आठेच शे." मी इथेच आहे, एवढेच. पडद्यावर इंग्रजी शब्दांची कसलीशी खिचडी उमटली आणि खोली हसली.

"याला ऐकून इंग्रजीच कळतं, मराठी मात्र कळांवरच टंकावी लागते," तो म्हणाला. "तुम्ही इंग्रजी शिकून घ्या, म्हणजे जमेल."

"अरे वा रे वा! हात गेले ते गेले, आता जीभही गहाण टाकू?"

नानांनी नजर खाली वळवली. "बघू, दुसरं काही काम..." असे काहीतरी पुटपुटले.

संताप मस्तकात गेला. काडी दातांत धरली आणि ज्या शिफ्टने माझी वाट अडवली होती तिच्यावरच ठक ठक ठक मारत सुटले. यंत्र किंचाळले, पडद्यावर एक चौकट उघडली.

"बिघडवलंत ना!" म्हणत तो माणूस चौकट वाचू लागला आणि हळूहळू त्याचा आवाज उतरला. एका वेळी एकच कळ दाबू शकणाऱ्यांसाठी, शिफ्ट एकदा दाबली की दाबलेलीच राहू द्यायची का, असे यंत्र विचारत होते. त्याने हात पुढे केला, त्याआधीच मी काडीने होकार ठोकला. मग शिफ्टवर एक टोला, अक्षरावर दुसरा. शिफ्टचे अक्षर दोरीशिवाय अख्खे उमटले. दोरीची सवय झालेला पायाचा अंगठा टेबलाखाली उगाचच ताणला गेला.

दूर कुठेतरी कुणीतरी माझ्यासारखीचा विचार करून ठेवला होता, आणि ते मला कळायला मात्र माझा रागच कामी यावा लागला. हातांचा विचार झाला. माझ्या बोलीचा अजून कुणी केलेला नाही. धुराचा वास अजून खोलीत रेंगाळत होता. नाना काहीतरी सांगू पाहत होते, पण मी आधी त्या कोऱ्या पडद्यावर, माइक बाजूला सारून, एकेक अक्षर ठोकत लिहिले: मी आठेच शे.