उतू जाणारी बॅटरी

राग माझ्या नाकावरच असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी गाडी विकायचं मीच ठरवलं आणि गिऱ्हाईकही मीच शोधलं. मी लातूरला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल शिकवते. आईवडील मुखेडजवळच्या आमच्या गावी राहतात. चाळीस वर्षांची ती गाडी चार महिन्यांपासून बॅटऱ्या खात होती. बॅटरीतलं पाणी उकळून बाहेर यायचं, ॲसिडचा वास सीटपर्यंत पोचायचा, हेडलाइटचे बल्ब पटापट उडायचे. लातूरच्या मेकॅनिकने व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बदलून पाहिला आणि फरक पडेना तेव्हा हात वर केले. गाडी म्हातारी झाली, विकून टाका, असं मी फोनवर आबांना सुनावलं. ते हो म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं.

गिऱ्हाईक उदगीरहून दुपारी येणार होतं. मी सकाळीच गावी पोचले. आबा ओट्यावर गाडीकडे पाठ करून बसले होते. आईने मला आत नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. मुखेडचा आठवडी बाजार त्यांनी आयुष्यात चुकवला नव्हता, पण गाडी बिघडल्यापासून फाटकाबाहेर पाऊल नाही. जेवण निम्म्यावर आलंय. आजही बाजार आहे, एसटीने जा म्हटलं तर म्हणतात, आता काय करायचंय. शेवटी ती म्हणाली, "गाडी गेली की हे उठायचे न्हाईत बघ."

मला भयंकर राग आला, आणि या वेळी तो माझा मलाच आला. वीस वर्षं वर्गात बिघाड शोधायला शिकवते आणि बापाच्या गाडीला एकदाही मीटर लावला नाही. दिव्याखाली अंधार तो हाच. मीटर माझ्या पिशवीत असतोच. मी बॉनेट उघडलं.

आत सगळं लालभडक होतं. बैल विकून तीन वर्षं झाली, पण पोळा आला की आबांना चैन पडत नाही. शिंगांना लावायचा ऑइलपेंट ते आता गाडीला लावतात. बाहेरून नाही, लोक हसतील म्हणून बॉनेटच्या आत. आई गाडीपुढे पुरणपोळीचा नैवेद्यही ठेवते. मला एवढ्या वैतागातही हसू आलं.

आबांना हाक मारून गाडी सुरू करायला लावली. ते आले, पण उपकार केल्यासारखे. बॅटरीवर मीटर धरला. साडेचौदाच्या आत थांबायला हवा तो आकडा सोळा ओलांडून वर चढतच राहिला. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवलं आणि दुसरं रेग्युलेटरच्या पत्र्याच्या डब्यावर. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं, दिसले दोन व्होल्ट. इथेच घोडं पेंड खात होतं. त्या डब्याचा पत्रा गाडीच्या पत्र्याला घट्ट चिकटलेला लागतो, तरच त्याला बॅटरी भरल्याचं कळतं. नाहीतर पंगतीतल्या आग्रही वाढप्यासारखा तो वाढतच राहतो. मी एक वायर घेऊन डबा सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला जोडला. आकडा उतरला आणि चौदावर थांबला.

"आबा, हा डबा कोणी खोलला होता?"

"मीच की. पोळ्याला. त्याच्या खाली रंग बसंना, म्हणून काढून लावला."

गाडी बंद करून स्क्रू ढिले केले, तर डब्याखाली रंगाचा जाड थर होता, स्क्रूच्या भोकांतसुद्धा. मेकॅनिकने नवा डबा बसवला तोही त्याच रंगावर. एरवी माझी जीभ तिखट, पण त्या वेळी मी नुसतं त्या रंगावर बोट ठेवलं. आबांनीच माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं.

"म्हंजे माझ्याच हातानं झालं?"

हो म्हणताना मला भीती वाटली. हा माणूस आता आणखी खचेल, असंच वाटलं. त्यांनी वाकून त्या रंगावर नख ओढून पाहिलं.

"मंग गाडीचं वय झालं न्हाई म्हण," ते म्हणाले.

खुरपं त्यांनीच शोधून आणलं. मला हात लावू दिला नाही. डबा काढून खालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला, भोकंही साफ केली. मला वायर काढायला लावली आणि मीटर दोनदा बघायला लावला. इंजिन कितीही पळवलं तरी आकडा चौदाच्या आसपासच राहिला. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलंही नाही. पुढच्या पोळ्याला त्या जागेवर ब्रश फिरवायचा नाही, एवढं मात्र दरडावून सांगितलं.

बारा वाजत आले होते. गिऱ्हाईक निघायच्या आत त्याला कळवायला हवं होतं, पण सौदा मोडायला काय कारण सांगावं ते सुचेना. मी फोन हातात धरून आबांना विचारायला वळले, तर ते टोपी घालून स्टिअरिंगमागे बसलेले.

"म्हणावं, मालक बाजारला गेलाय."

"पण तुम्ही तर इथेच आहात."

"किती येळ?" ते म्हणाले, आणि गाडी फाटकातून बाहेर काढली.