उपाशी साडू

मार्च महिन्यात एका शनिवारी सुनंदा गेली. ती माझी बायको. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परतले, मुलगी पुण्याला तिच्या नोकरीवर गेली. त्या रात्री साडू दारात आले आणि म्हणाले, "भाऊ, चाला, जेवून येऊ."

अवेळी जेवण्याच्या बाबतीत माझ्या साडूंइतका अधिकारी माणूस चंद्रपूर जिल्ह्यात नाही, आणि गडचिरोलीत असेल असंही मला वाटत नाही. साडू म्हणजे सुनंदाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्या तुकुम भागातच, दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. उभी हयात त्यांनी कोळशाच्या खाणीत दुसऱ्या पाळीत काढली. पाळी मध्यरात्री सुटायची, आणि त्या वेळेला घरी जाऊन झोपलेल्या बायकोला उठवणं त्यांना पटत नसे. त्यामुळे शहर झोपल्यावर कुठे काय शिजतं याचा त्यांनी जो अभ्यास केला, तसा मी कॉलेजात ग्रंथपाल असताना कुणा प्राध्यापकाला कशाचाही करताना पाहिला नाही. खाणीतून ते निवृत्त झाले, पण पोट निवृत्त झालं नाही, असं ते स्वतःच सांगतात. "महागाचं जेवण पैसेवाल्याले कुठीबी भेटते भाऊ. सस्त, चांगलं, अन् तेबी रात्री अकराले, हे शोधाले माणूस लागते." तो माणूस कोण, हे विचारायची कुणाला गरज पडत नाही.

त्या पहिल्या रात्री मी नाही म्हणालो. भूक नव्हती. घरात चार दिवसांचं कुणी कुणी आणून दिलेलं पडलं होतं, तेही मी झाकून ठेवलं होतं. साडू खुर्चीत बसले. बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुमाले नाई भाऊ, मले लागली भूक. तुमची मेव्हणी रात्रीचा सैपाकच नाई करून राह्यली. बहीण गेली तवापासून चुलीजवळ उभीच नाई राहत. दूध-पाव देते मले. एकटा कुठी जाऊ? एकट्यानं जेवलं तं अंगी लागत नाई."

मेव्हणी सुनंदाच्या कडेवर वाढलेली. तिला असं होणं मला अगदी समजलं. आणि हा एवढा थोरला देह दूध-पावावर झोपतो आहे, हे मला बघवेना. मी चपला घातल्या.

तेव्हापासून आम्ही जवळजवळ रोज जाऊ लागलो. आमच्याकडे उन्हाळ्यात शहर दिवसा मेल्यासारखं पडून राहतं आणि अंधार पडल्यावर हळूहळू हातपाय हलवतं. साडूंच्या जुन्या स्कूटरवर मागे बसून मी हे शहर, ज्यात माझं सगळं आयुष्य गेलं, पहिल्यांदा पाहिलं. स्टेशनसमोर सिरोंच्याकडचे एक तेलुगू अण्णा रात्री दहानंतर इडलीचं भांडं चढवतात. बसस्टँडच्या मागे पाटवडीचा रस्सा मिळतो. बाबूपेठच्या बाजूला एक बाई तांदळाची भाकर आणि लाखोळीच्या डाळीचं वरण देतात, पण मिरच्यांचा ठेचा संपला की दुकान बंद, भाकरी कितीही उरल्या तरी. ठेच्याशिवाय भाकर वाढणं त्यांना अपमानाचं वाटतं. साडू या बाईंना फार मानतात. त्यांच्यासमोर ते विडीसुद्धा काढत नाहीत.

नव्या ठेल्यावर साडू कधी थेट जात नाहीत. स्कूटर रस्त्याच्या पलीकडे लावतात आणि जेवणाऱ्यांचं निरीक्षण करतात. ट्रकवाले जेवत असले तर साडू त्यावर भरवसा ठेवत नाहीत. दमलेल्या माणसाला गरम असलं की सगळं गोड लागतं म्हणे. पोलीस जेवत असले तर मुळीच नाही, फुकटचं कसंही चालतं. "पण ज्या ठेल्यावर ऑटोवाला आपल्या बायकोले घेऊन येते ना भाऊ, तिथी डोये मिटून खा." मग पलीकडे जायचं आणि सर्वांत आधी कांदा मागायचा. कांदा मागितल्यावर कापला तर बसायचं, आधीच कापून ठेवलेला पुढे आला तर ‘फोन आला’ म्हणत निघायचं. साडूंचा फोन अशा वेळी घरी चार्जिंगला लावलेला असतो, हे त्या ठेलेवाल्यांनाही एव्हाना कळलं असावं. एकदा एका पोरगेल्या ठेलेवाल्याने मागून हाक मारली, "काका, फोन इथीच घ्या ना, रेंज हाये!" साडूंनी मागे वळून न पाहता स्कूटरला किक मारली. पण पुढच्या आठवड्यात ते मुद्दाम पुन्हा तिथे गेले. ज्याला टोमणा मारता येतो त्याला भाजीही बरी जमत असेल, असं त्यांचं म्हणणं. भाजी मात्र खारट निघाली. ती त्यांनी संपवली आणि जाताना त्याला म्हणाले, "बेटा, बोलणं चांगलं हाये तुयं. तेच विक."

हिवाळ्यात वडशाकडे नाटकं लागतात तेव्हा ते मला नाटकाला म्हणून घेऊन गेले. रात्रभर नाटक चाललं. त्यातला पहिला प्रवेश आम्ही पाहिला असेल. बाकीचा वेळ मंडपाच्या मागे, भज्यांच्या कढईजवळ. तरी पहाटे एसटीने परतताना त्यांनी मला नाटकाचं परीक्षण सांगितलं आणि ते चुकीचं होतं असं म्हणवत नाही. "पह्यला अंक चांगला झाला, भज्यावाला माश्या मारत होता. दुसरा पडला. सारे लोक बाहेर. तिसऱ्यात हिरोईन मेली तवा एकबी गिऱ्हाईक नव्हतं, भज्यावालाच आत जाऊन रडून राह्यला होता." गाडीत मी हसलो. हसल्यावर मला वाईट वाटलं, आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो. साडूंनी पुढचे दोन तास एक शब्द काढला नाही, जे त्यांच्या बाबतीत जवळजवळ आजारपण म्हणायला हवं.

त्यांच्या जेवण्याची एक तऱ्हा मला कधी उलगडली नाही. एवढा भुकेला माणूस, पण बसण्याआधी पट्टा सैल करायचा, दीर्घ श्वास घ्यायचा आणि पहिला घास असा उचलायचा, जणू कुणी पैज लावली आहे. दोन ताटं मागवायची, मग आपल्यातली अर्धी भाजी माझ्याकडे सरकवायची. "पाहा बरं, मीठ कसं हाये?" मीठ पाहता पाहता मी भाकर संपवत असे. ते मात्र हळूहळू, घाम पुसत, शेवटच्या कणापर्यंत जेवत. मला वाटे, दूध-पावाने आतडी आखडली असतील. मेव्हणी भेटली की मी तिला जपून म्हणत असे, "घाई करू नकोस. होईल सुरू हळूहळू." ती डोळ्यांना पदर लावून म्हणे, "तुमीबी जपा भाऊजी." स्वयंपाकाचा विषय मी काढला नाही. अशा दुःखात कुणाची चूल मोजायची नसते.

औष्णिक वीज केंद्राच्या बाजूला झुडपांच्या कडेला एक अंड्यांची गाडी लागते. त्याआधीच्या पावसाळ्यात तिथे बिबट्या फिरू लागला होता. वनखात्याने फलक लावला, लोक सातच्या आत घरात जाऊ लागले. गाडीवाला तेवढा टिकून होता, कारण त्याचं घरच गाडीच्या मागे होतं. साडूंना वाटलं, आता तिथे गर्दी नसेल, आमलेट सावकाश आणि नीट होईल. मी म्हटलं, "अहो, बिबट्या आहे." ते म्हणाले, "बिबट कोंबडीसाठी येते भाऊ. आपून आमलेट सांगणार हाओ." या युक्तिवादात काहीतरी चुकत होतं, पण ते सापडेपर्यंत आम्ही पोहोचलो होतो.

गाडीवाल्याने आम्हाला पाहून कपाळावर हात मारला. "तुमी जेवाले आले का त्याले जेवू घालाले?" तरी त्याने अंडी फोडली. स्कूटर चालू ठेवून, तिच्यावर बसूनच आम्ही खात होतो. तेवढ्यात मागे झुडपात काहीतरी सरकलं. गाडीवाला तवा तसाच टाकून घरात. मी ताट फेकलं आणि साडूंना मागून अशी मिठी मारली की त्यांच्या हातातला पाव पडला. स्कूटर सुटली ती सरळ तुकुमच्या चौकात थांबली. झुडपात बिबट्या होता की कुत्रं, देव जाणे. मी खाली उतरलो. साडूंनी दिव्याखाली माझा चेहरा नीट पाहिला. त्यांना हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"भेले ना भाऊ?"

"मग? घाबरणार नाही तर काय!"

"चांगलं झालं," ते म्हणाले. "लय चांगलं झालं." आणि मग मला घरापर्यंत सोडून, दार लावून घेतल्याचा आवाज येईपर्यंत बाहेर उभे राहिले. सुनंदा गेल्यापासून रात्री मी दाराला कडी लावत नसे. ते त्यांना ठाऊक होतं, हे मला त्या रात्री कळलं. त्या रात्री मी कडी लावली.

वर्ष सरत आलं तेव्हा साडूंना चक्कर येऊ लागली. मेव्हणी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली, मीही सोबत गेलो. तपासणीत साखर भलतीच वाढलेली निघाली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "रात्री काय जेवता?"

साडू छताकडे पाहू लागले. उत्तर मेव्हणीने दिलं. "साडेआठले जेवतात जी. दोन भाकरी, भाजी, वरण-भात. भात दोनदा घेतात."

मी तिच्याकडे पाहिलं. "रोज?"

"रोज म्हणजे? एक दिवस खाडा नाई."

मला गप्प बसता आलं असतं. पण वर्षभराचा समज माणसाच्या तोंडातून आपोआप बाहेर येतो. मी म्हणालो, "पण तू तर रात्रीचा स्वयंपाक करत नाहीस ना? सुनंदा गेल्यापासून?"



"मी सैपाक करत नाई? कोण म्हणते?" ती साडूंकडे वळली. "माह्या बहिणीच्या पुण्यानुमोदनालेबी पन्नास लोकाइची भाजी या हातानं केली! अन् मी सैपाक करत नाई? काय देते मंग मी याइले?"

"दूध-पाव," मी म्हणालो. एव्हाना मागे फिरणं शक्य नव्हतं.

"दूध-पाव!" तिने पदर खोचला. "मले तं सांगतात, भाऊजीले झोप येत नाई, त्याइले फिरवून आणतो. अन् तुमी काय करत होते रोज रात्री?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनाही ऐकायचं होतं.

साडूंनी छतावरची नजर काढली. मोठा देह खुर्चीत लहान झाल्यासारखा दिसत होता. "मंग काय करू?" ते म्हणाले. "‘तुमी जेवा’ म्हटलं तं हे जेवत होते काय? झाकलेली भांडी मी पाह्यली ना तिथी, बुरशी आली होती. ‘मी उपाशी हाओ’ म्हटलं, तवा उठले."

मी इतके दिवस त्यांच्यासाठी जात होतो. एक भुकेला माणूस एकटा जेवू नये म्हणून मी चपला घालत होतो, भाकर मोडत होतो, मीठ पाहत होतो. आणि ते घरून दोनदा भात घेऊन, पट्टा सैल करून, माझ्यासमोर पुन्हा जेवायला बसत होते.

मेव्हणी परत येताना ऑटोत एका कडेला बसली. रामनगरच्या जवळ तिने साडूंना विचारलं, "काय काय खाल्लं?" साडूंनी सांगायला सुरुवात केली. इडली, पाटवडी, अंडे, वडशाचे भजे. ती ऐकत होती. यादी संपल्यावर ती म्हणाली, "मले सांगतलं असतं तं घरी कमी वाढलं असतं ना जी." आणि मग ती रडू लागली, आणि कुणासाठी, ते आम्हा दोघांनाही विचारायची गरज वाटली नाही.

साडू आता साडेसातला जेवतात. एक ज्वारीची भाकर, पालेभाजी, भात बंद. नवाला गोळी घेतात आणि झोपतात. सकाळी भेटले की विचारतात, काल कुठी गेले, काय होतं, कसं होतं. मी सांगतो. ते डोळे मिटून ऐकतात आणि कधी कधी, मी जेवलेल्या जेवणात, मिठाची चूक काढतात.

सुनंदा नाही. रात्री अकराच्या सुमारास मला भूक लागते. मी एकटाच जातो आणि जेवून येतो.