तरवडाची डहाळी

त्या जमातीचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांच्याबद्दल माझ्या हातून एकदा पुष्कळ लिहून झालं आहे, तेवढं पुरे.

मी मूळचा भिंगारचा. कॅम्पातल्या गोऱ्यांचं बोलणं लहानपणापासून कानावर पडल्यानं माझं इंग्रजी बरं होतं, आणि त्याची मला मस्तीही होती. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी खर्ड्याला मास्तर होतो. गावाबाहेरच्या माळावर ही माणसं पालं टाकत. तितर, ससे धरून विकत. सरकारनं सबंध जमातच जन्मजात गुन्हेगार ठरवलेली. पोलिसांच्या यादीतल्या बाप्यांनी रोज चावडीवर हजेरी द्यायची, परवान्याशिवाय शीव ओलांडायची नाही. बाकीचं बिऱ्हाड पोटासाठी फिरत राहायचं.

एकदा तिथं एक साहेब आला. जमातींवर पुस्तक लिहिणारा विद्वान. त्यानं मला दुभाष्या म्हणून सोबत घेतलं. साहेब वाईट नव्हता, हेच मला आजही सोसत नाही. तो त्यांच्यात मांडी घालून बसला, सशाच्या कालवणात भाकरी कुस्करून जेवला. मग पोलादी चिमटा काढून एकेकाचं डोकं आणि नाक मोजायला लागला.

टोळीतली एक म्हातारी म्हणाली, "नाक मोजून काय करनार हाय ह्यो? नथ घडवतो का काय?"

सगळे खदाखदा हसले. मी भाषांतर केलं तसा साहेबही हसला आणि तिच्या नाकाचं माप त्यानं वहीत टिपून घेतलं.

त्यांच्यात एक रीत होती. आपल्या भांड्यातलं जो जेवला त्याच्याशी खोटं बोलायचं नाही, त्याच्यापासून काही लपवायचं नाही. त्यामुळं साहेबानं जे विचारलं ते म्हातारीनं सांगितलं. फिरती टोळी मागच्या माणसांना निरोप कसा ठेवते, तेही सांगितलं. फाट्यावर तरवडाची हिरवी डहाळी ठेवायची. शेंडा ज्या वाटेकडं, त्या वाटेनं टोळी गेली. डहाळीला दोन गाठी असल्या तर मयत झालं, दिसेल त्यानं धावत यायचं. साहेबाला तेवढं पुरलं होतं. पण मला हुशारी दाखवायची होती. मीच विचारलं, "कोण गेलं, हे कसं कळतं?"

"दगुड बुडख्यावर ठिवला तर म्हातारं मानूस, शेंड्यावर ठिवला तर लेकरू," ती म्हणाली. शेजारी तिचा मुलगा बसला होता. त्याचं नाव यादीत होतं. तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "माझ्या डहाळीला ह्यो सगळ्यांच्या आदी पळत यील. आईला पयली माती ल्योकाचीच."

साहेबानं डहाळीचं सुरेख चित्र काढलं.

वर्षभरानं फौजदारानं इंग्रजी कागद पाठवले. हवालदारांना वाचता यावेत म्हणून मराठीत करून द्या, म्हणाला. त्यात साहेबानं घेतलेली नाकांची मापं होती आणि ते डहाळीचं चित्र होतं. मला काही कळलं नाही असं लिहिलं तर मी खोटारडा ठरेन. पहिल्याच पानाला कळलं. तरी मी बसून सगळं मराठीत उतरवलं. दगडाची खूण कागदात मोघम होती, ती मी स्वतःच्या आठवणीनं नीट करून दिली. फौजदार म्हणाला, "मास्तर, अक्षर मोत्यासारखं आहे तुमचं." मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज अजून जात नाही.

त्या उन्हाळ्यात पोलिसांनीच शिवेवरच्या फाट्यावर डहाळी ठेवली. दोन गाठी, दगड बुडख्यावर. म्हातारीचा मुलगा हजेरी बुडवून रडत धावला, मागोमाग आणखी चौघं. पुढं ओढ्यात पोलीस बसले होते. म्हातारी तिकडं लांब कुठंतरी धडधाकट भाकरी थापत होती. ही गंमत हवालदारानं मला शाळेच्या ओट्यावर बसून सांगितली. पाचही जणांना परवान्याशिवाय गाव सोडल्याबद्दल तुरुंग झाला.

पुढं इंग्रज गेले, काही काळानं तो कायदाही उठला. एके दिवशी खर्ड्याच्या बाजारात तो मुलगा तितर विकताना दिसला. मला तोंड चुकवावंसं वाटलं, पण त्यानंच हाक मारली. मी म्हातारीची चौकशी केली.

"मेली की. म्या जेलातून सुटून आलो त्याच साली."

"तू गेला होतास ना मातीला?"

तो तितराच्या पायाची दोरी आवळत राहिला.

"फाट्यावर डहाळी बघितली हुती, मास्तर. दोन गाठी हुत्या. दगुड बी बुडख्यावरच. म्हनलं, तुमीच ठिवली असंल. गेलो मुकाट हजेरीला."